जोडवी, बाराखडी आणि मेंदूचा एमआरआय

मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर मी पुण्यातील एका संशोधन प्रकल्पात सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा संगणकासमोर बसून मेंदूची रंगीत चित्रे वाचायची, एवढीच माझ्या कामाची कल्पना होती. पहिल्याच आठवड्यात मात्र सत्तरीच्या एका आजींच्या पायांतील जोडवी साबण लावून काढण्याचे काम माझ्या वाट्याला आले. ३ टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) ताकदीच्या एमआरआय स्कॅनरचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ६०,००० पट असते. केसांतील लोखंडी आकडा तिथे गोळीसारखा खेचला जातो. सोने-चांदी खेचली जात नसली, तरी रेडिओलहरींनी तापून त्वचा भाजू शकते. त्यामुळे जोडवी, पिना, जरीकाठाची साडी असे सगळे बाहेर ठेवावे लागते. मंगळसूत्र काढायला आजी काही केल्या तयार होईनात. शेवटी त्यांच्या सुनेने दोऱ्यात हळकुंड बांधून तो दोरा त्यांच्या गळ्यात घातला, तेव्हा कुठे त्या आत गेल्या. पुढे आमच्या खणात इअरप्लगच्या शेजारी हळकुंडे आणि दोऱ्याचे रीळही असे.

या कामात येऊ पाहणाऱ्या नवख्यांना हा प्रसंग सांगण्याचे कारण असे, की स्कॅनरमध्ये निजलेला माणूस अवघडलेला असेल तर तो हलतो, आणि अर्धा मिलिमीटर हललेले डोकेही विश्लेषणाला पुरेसे त्रासदायक ठरते. वृद्ध आणि मानसिक आजाराचे रुग्ण सरासरीने अधिक हलतात. म्हणजे ज्या गटांची तुलना करायची, त्यांच्यात हालचालीचाच फरक आधीपासून असतो. २०१२ च्या सुमारास अनेक संशोधकांनी दाखवून दिले, की मेंदूच्या भागांमधील जोडणीचे (म्हणजे कोणते भाग एकमेकांबरोबर काम करतात याचे) काही फरक प्रत्यक्षात या हालचालीतून आलेले असू शकतात.

त्यातच फंक्शनल एमआरआय, म्हणजे मेंदू काम करत असताना घेतलेला एमआरआय, चेतापेशींचे काम थेट मोजत नाही. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले, की रक्तातील ऑक्सिजनच्या कमी-जास्त प्रमाणाने एमआरआयचा संकेत बदलतो. आपण मोजतो तो हा रक्ताचा संकेत, आणि तो पेशींच्या कामानंतर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. वय वाढते तशा रक्तवाहिन्याही बदलतात. म्हणून पंचविशीच्या आणि सत्तरीच्या माणसांच्या संकेतांत फरक दिसला, तर तो विचारशक्तीचा की रक्तवाहिन्यांचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी स्वतःला विचारावा लागतो. नवख्यांनी ही एक सवय लावून घेतली, तरी माझ्या मते निम्मे शिक्षण झाले.

विश्रांतीच्या अवस्थेतील स्कॅनमध्ये माणसाने काहीही न करता जागे राहायचे असते. आम्हाला स्कॅनर मिळे तो दुपारी दोन वाजता, आणि पुण्यातील निवृत्त गृहस्थांना एक ते चार या वेळेत अंधाऱ्या नळीत आडवे करून जागे राहायला सांगणे म्हणजे काय, हे पुणेकरांना समजावून सांगायला नको. झोपेत मेंदूच्या जोडणीचे चित्र बदलते. डोळे उघडे ठेवून समोरच्या फुलीकडे पाहायला सांगितल्यावर परिस्थिती थोडी सुधारली.

स्कॅनबाहेरच्या चाचण्यांकडे नवखे दुर्लक्ष करतात, ते महागात पडते. शब्दप्रवाहाच्या चाचणीत एक अक्षर देऊन मिनिटभरात त्यापासून सुरू होणारे शब्द विचारतात. आम्ही ‘क’ दिला. एका निवृत्त शिक्षिकांनी ‘कमळ, करवत, कणीक’ असे ‘क’ला काना-मात्रा नसलेले शब्द शोधत दहावर थांबणे पसंत केले. पुढच्या आजोबांनी ‘काकडी, किल्ली, कुलूप’ करत सगळी बाराखडी पालथी घातली. गुणांतला हा फरक मेंदूचा नव्हता, आमच्या अर्धवट सूचनेचा होता. इंग्रजी चाचणी मराठीत आणताना अशी ठिकाणे आधी हुडकावीत आणि सूचना शब्दशः लिहून ठेवावी.

माझी स्वतःची मोठी चूक डाव्या-उजव्याची. रेडिओलॉजीच्या रिवाजात चित्राच्या डाव्या हाताला माणसाची उजवी बाजू असते, काही सॉफ्टवेअरमध्ये नेमके उलटे. मी दोन आठवडे ज्याला उजवा हिप्पोकॅम्पस (मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग) समजून लिहीत होते, तो डावा निघाला. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर ई-जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवू लागलो; ती चित्रात पांढरी ठिपकी होऊन उमटते आणि वादच राहत नाही.

तयारीसाठी स्कॅनरची वाट पाहू नये. ओपनन्यूरो आणि ओएसिस या मेंदूच्या स्कॅनच्या संग्रहांतील खुली माहिती घेऊन एफएसएल किंवा एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरवर सराव करता येतो. लिनक्स ही संगणकप्रणाली आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा मात्र आलीच पाहिजे. मेंदूच्या भागांची मापे काढणाऱ्या फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरला एका मेंदूसाठी कित्येक तास लागतात, तेव्हा काम रात्री लावून निजावे. संख्याशास्त्राला बगल देऊ नये. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सॅमन माशाच्या मेंदूतही ‘काम चालू असल्याचे’ दाखवले होते, कारण हजारो ठिकाणी एकदम चाचणी केली की काही ठिपके निव्वळ योगायोगाने उजळतात. मेंदूच्या मापांचा मानसिक लक्षणांशी संबंध शोधायचा, तर काही डझन नव्हे, हजारो माणसे लागतात, असा निष्कर्ष २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, तो वाचून मी आमचा जुना आलेख गुपचूप काढून टाकला.

एका तरुणाच्या वडिलांनी विचारले होते, “मॅडम, स्कॅनमध्ये डिप्रेशन दिसेल ना?” दिसत नाही. गटांच्या सरासरीतील बारीक फरकावरून एका माणसाचे निदान होत नाही, आणि हे संमतीपत्रावर सही घेण्याआधीच, त्यांना कळेल अशा मराठीत सांगितले पाहिजे. स्कॅनमध्ये अचानक गाठ वगैरे दिसल्यास कोण सांगणार, हेही त्याच पत्रात असावे. ते आपण सांगायचे नसते, रेडिओलॉजिस्टने पाहायचे असते.

मुलाखतीला जाल तेव्हा मानधनाबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: संशोधनासाठी स्कॅनर आठवड्याला किती तास मिळतो, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी.