युरोपातलं स्प्रिंग कलेक्शन बघून कपडे शिवताय? या चुका टाळा

पॅरिस-मिलानच्या रॅम्पवरचा फोटो मोबाइलवर दाखवायचा, ‘काका, अगदी असंच पाहिजे’ म्हणायचं आणि रंग जुळला म्हणून घेतलेलं कापड पुढे करायचं. कपडा बिघडायची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. फोटोत रंग आणि आकार दिसतो. कपडा अंगावर तसा का पडतो हे मात्र कापडाच्या वजनावर, कापायच्या दिशेवर आणि आतल्या बाजूच्या कामावर ठरतं, आणि त्यातलं काहीच फोटोत दिसत नाही. म्हणून आधी कापड हातात घ्या, मग डिझाइन ठरवा.

उरेब ड्रेस सरळ ड्रेससारखा कापणं

सगळ्यात जास्त वाट लागते ती स्लिप ड्रेसची. पातळ पट्ट्यांचा, अंगावरून पाण्यासारखा उतरणारा हा ड्रेस जवळजवळ दर स्प्रिंग सीझनला कुठे ना कुठे दिसतोच. त्याची सगळी जादू उरेब कटिंगमध्ये आहे, म्हणजे कापड किनारीशी ४५ अंशात ठेवून कापण्यात. मादलेन व्हिओने यांनी १९१२ मध्ये पॅरिसला स्वतःचं फॅशन हाऊस काढलं आणि लहान लाकडी पुतळ्यावर कापड लावून बघत ही पद्धत परिपूर्ण केली. १९९० च्या दशकात डिझायनर जॉन गॅलियानोने ती पुन्हा गाजवली.

आपल्याकडे होतं असं. रिसेप्शन चार दिवसांवर आलेलं असतं. ४४ इंची पन्ह्याचं अडीच मीटर पॉलिस्टर सॅटिन येतं. टेलर ते नेहमीसारखं दुहेरी घडी घालून कापतो. खालचा थर सरकतो, त्यामुळे ४५ चे ४० अंश होतात आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याच संध्याकाळी खालची दुमड मारून, इस्त्री करून ड्रेस हँगरवर जातो. दोन दिवसांनी बघावं तर एक बाजू दोन इंच खाली आलेली, कडेची शिवण पोटावर वळलेली, आणि बसताना ताण पडून टीप तुटलेली. दोष टेलरच्या माथी मारला जातो. खरं तर चूक अडीच मीटर कापड घेण्यात आणि चार दिवसांची मुदत देण्यात होती.

उरेब कापायचा तर पोटरीपर्यंतच्या ड्रेसला साडेतीन मीटर कापड घ्या, तेही ५४ इंच किंवा त्याहून मोठ्या पन्ह्याचं. क्रेप सगळ्यात चांगलं, कारण ते घसरत नाही. एकेरी थर पसरा, खाली पातळ कागद घाला आणि कागदासकट कापा. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एकच अखंड तुकडा काढू नका. उभा आणि आडवा धागा सारखा ताणत नाही, म्हणून ड्रेस एका बाजूला पिळतो. मधोमध शिवण घेऊन डावा-उजवा भाग आरशातल्यासारखे उलट-सुलट कापले की ताण दोन्हीकडे सारखा बसतो. माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं जादा कापड, निदान एक इंच ठेवा, कारण उरेब कापड लांबीत वाढतं तसं रुंदीत आटतं. गळ्याला आणि मुंढ्याला कापल्याबरोबर कच्ची टीप घाला, नाहीतर हाताळताना ते ताणून मोठे होतात.

सुई ९ किंवा ११ नंबरची, दोरा पॉलिस्टरचा. मशीनला झिगझॅग असेल तर रुंदी अर्धा मिलीमीटर, टाका अडीच मिलीमीटर. साधं काळं मशीन असेल तर कापड पुढून-मागून अगदी हलकं ताणून धरत बारीक टाका घाला. कडेला ओव्हरलॉक मारू नका, ती लाटांसारखी वळते. उरेब कड तशीही फारशी उसवत नाही.

मग ड्रेस टांगून ठेवा. किमान २४ तास, जड क्रेपला ४८. यात कुठलाही शॉर्टकट चालत नाही, वाफेची इस्त्री फिरवून तर मुळीच नाही. टांगल्यावर कापडाला जेवढं उतरायचं तेवढं उतरतं. त्यानंतर ज्या सँडल घालणार आहात त्या घालून सरळ उभं राहायचं आणि दुसऱ्याने जमिनीपासून पट्टीने मोजत खडूची खूण करायची. कंबरेपासून मोजाल तर परत तिरकं येईल. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी सरळ कापलेला ए-लाइन ड्रेस शिवावा. तोही सुंदर दिसतो.

ट्वीड जॅकेटला फ्युजिंग चिकटवणं

डिझायनर गाब्रिएल (कोको) शनेल यांनी १९५४ मध्ये पॅरिसला पुन्हा काम सुरू केल्यानंतरचं बिनकॉलरचं ट्वीड (जाडसर लोकरी कापड) जॅकेट कार्डिगनसारखं मऊ असतं. त्यात ब्लेझरसारखं फ्युजिंग, म्हणजे आतून इस्त्रीने चिकटवायचं कडक अस्तर, घातलं की ते पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. इथे कापडाला आधार मिळतो अस्तराचा. ट्वीडच्या चौकडीच्या रेघेवरून एक ते दीड इंचाच्या अंतराने उभ्या टिपा घालून अस्तर प्रत्येक तुकड्याला जोडलं जातं. टीप विणीत बुडते, बाहेरून दिसत नाही. मात्र शिवणीच्या दीड इंच अलीकडे थांबा. ट्वीडचे तुकडे मशीनवर जोडायचे आणि अस्तराची कड हाताने बंद करायची. ट्वीड भसाभस उसवतं, म्हणून दीड इंच माया ठेवून कापल्याबरोबर कडा ओव्हरलॉक करा. शेवटी आतून खालच्या कडेला पितळी साखळी हाताने टाचा. लोक तिला शोभा समजून गाळतात, पण जॅकेट सरळ पडतं ते तिच्या वजनाने.

पॅरिसचा मार्च पुण्यात घालणं

पॅरिसमध्ये मार्चच्या दुपारी तापमान साधारण १२ अंश असतं, पुण्यात ३५ च्या आसपास. तिथल्या स्प्रिंगमध्ये ट्रेंचकोट, जॅकेट, त्यावर स्कार्फ असतो तो याचसाठी. त्यातला एकच थर उचला. पॉलिस्टर अस्तराऐवजी मलमल लावा, किंवा पाठीला अर्धंच अस्तर ठेवा.

‘लिनन लुक’ला लिनन समजणं

एक धागा जाळून बघा. लिनन कागदासारखं जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोसही (लाकडाच्या लगद्यापासून केलेलं कापड) कागदासारखंच जळतं, म्हणून धागा ओला करून ओढूनही पाहा. व्हिस्कोस ओलं झालं की पटकन तुटतं, लिनन उलट जास्त मजबूत होतं. लिननचं वजन शर्टाला १५० ते १८० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), पँटला २०० च्या वर. शिवण्याआधी एकदा धुऊन घ्या. न धुता शिवलेली लिननची पँट पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर जाते. इस्त्री किंचित दमट असतानाच.

नंबर बघून साइज मागवणं

फ्रान्सचा ३८ म्हणजे इटलीचा ४२, जर्मनीचा ३६ आणि ब्रिटनचा १०. लेबलवर देश बघा, आणि त्यापेक्षाही छाती, कंबर, नितंब इंचात मोजून ब्रँडच्या तक्त्याशी ताडून घ्या.

कोल्हापुरी ऐनवेळी घेणं

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने २०२६ च्या स्प्रिंग-समरचं पुरुषांचं कलेक्शन दाखवलं. त्यात कोल्हापुरीसारख्या चपला होत्या आणि कोल्हापूरचं नाव नव्हतं. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. भौगोलिक मानांकन २०१९ पासून आपल्या कारागिरांकडे आहे, तेव्हा घ्यायची तर त्यांच्याकडूनच घ्या. नवी कोल्हापुरी त्याच दिवशी लग्नात घातली तर पाय सोलून निघतात. आठवडाभर आधी आणा, पट्ट्यांना आतून खोबरेल किंवा एरंडेल चोळा आणि रोज अर्धा तास घरात घाला. पावसात अजिबात नाही.

कोटाच्या मागचा फुलीचा टाका

ट्रेंचकोट किंवा ब्लेझरच्या मागच्या कापावर फुलीच्या आकाराचा जाड टाका असतो. तो फक्त वाहतुकीत घडी मोडू नये म्हणून घातलेला असतो. घालण्याआधी कापून टाका. बाहीवर बाहेरून टाचलेलं लेबलही काढा, आणि बंद खिसे उघडताना कात्री नको, टीप उसवायचं छोटं हत्यार वापरा. घाईत कात्रीने खिशाचं कापडच फाटतं.