डॅशकॅमची वायर ट्रिमच्या आतून नेताना

डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा छोटा कॅमेरा, काचेला चिकटवणं हे दहा मिनिटांचं काम आहे. वेळ जातो तो वायरीत. डॅशबोर्डवरून लोंबकळणारी वायर गिअरला अडकते, हे सगळ्यांना दिसतं. घाईत कोंबलेली वायर एअरबॅगच्या आड येते, हे मात्र अपघात होईपर्यंत कुणालाच दिसत नाही. म्हणून वायर कुठे लपवायची याच्या आधी ती कुठून जाता कामा नये, ते ठरवून घ्या.

समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब म्हणजे ए-पिलर. त्यांच्या कव्हरवर किंवा दारांच्या वर छताच्या कडेला ‘एसआरएस एअरबॅग’ अशी अक्षरं आहेत का बघा. असतील तर गाडीत कर्टन एअरबॅग आहे. तिची लांबलचक गुंडाळी ए-पिलरपासून मागपर्यंत छताच्या कडेने बसवलेली असते, आणि उघडते ती पापणी लवायच्या आत. वायर तिच्यावरून, म्हणजे एअरबॅग आणि कव्हरच्या मधून गेली असेल, तर एअरबॅगला नीट उघडता येत नाही किंवा ती वायर प्रवाशाच्या अंगावर भिरकावली जाते. वायर नेहमी एअरबॅगच्या मागून, पत्र्याच्या बाजूने न्यायची आणि गाडीच्या मूळ वायरिंगला टायने बांधायची. एअरबॅगच्या गुंडाळीला टाय कधीही लावायचा नाही. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका.

सामान फार लागत नाही. ट्रिम (गाडीच्या आतली प्लास्टिकची कव्हरं) उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, दहाचा पाना, मल्टीमीटर, कॅमेऱ्याचा हार्डवायर किट (गाडीच्या 12 व्होल्टचे कॅमेऱ्यासाठी 5 व्होल्ट करणारा), फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून नवी जोडणी देणारा), 2 अँपिअरचा एक फ्यूज, कापडी टेप, दहा-बारा टाय आणि तुमच्या मॉडेलच्या दोन-चार जादा क्लिपा. स्क्रू-ड्रायव्हरने ट्रिम उचकटली की कडेला पडलेला पांढरा वण कायमचा राहतो. काळी पीव्हीसी टेपही वापरू नका. सांगलीच्या मे महिन्यात बंद गाडी इतकी तापते की तिचा डिंक पाझरतो आणि टेप सुटून आत लोंबायला लागते. उलट डिसेंबरात पाचगणी-महाबळेश्वरला सकाळी सातला हे काम काढू नका, गारठलेल्या क्लिपा कटाकट मोडतात. गाडी तासभर उन्हात ठेवा, मग ट्रिमला हात घाला.

काही उघडण्याआधी कॅमेरा साध्या चार्जर सॉकेटवर चालवून बघा आणि वायरीची लांबी मोजा. काचेच्या मध्यापासून फ्यूज बॉक्सपर्यंत साधारण 3 ते 3.5 मीटर लागते. कमी पडली म्हणून बाजारातली बारीक यूएसबी केबल जोडली, तर कॅमेरा मधूनच बंद पडून पुन्हा चालू होतो. त्यामागचा हिशेब सोपा आहे. बारीक 28 गेजच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.21 ओहम. जाऊन-येऊन 7 मीटर तार, म्हणजे जवळपास 1.5 ओहम. 1 अँपिअरला 1.5 व्होल्ट वाटेतच गेले, आणि कॅमेऱ्याला 5 ऐवजी 3.5 व्होल्ट मिळाले. कंपनीने कॅमेऱ्यासोबत दिलेलीच केबल वापरा.

आता बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि निदान तीन मिनिटं थांबा, म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेत साठलेली वीज उतरते. पुन्हा जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत काचांची वन-टच सोयही पुन्हा शिकवावी लागते.

कॅमेरा आरशाच्या डाव्या अंगाला, वायपर पुसतो त्या भागात लावा. काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांवर चिकटपट्टी धरत नाही, स्वच्छ काचेवरच लावायची. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि हे काम सावलीत करा.

काचेच्या वरच्या कडेला छताच्या लायनिंगखाली बोटाने वायर सरकवत जा. एक-दोन सेंटिमीटर आत गेली की पुरे. आधी हात साबणाने धुऊन घ्या. फिक्या लायनिंगवर उमटलेले बोटांचे काळे डाग निघता निघत नाहीत, आणि ओढून वाकवलेल्या लायनिंगची घडीही जात नाही.

ए-पिलरपाशी आलात की दाराच्या चौकटीची रबर बीडिंग पिलरपुरती ओढून काढा. कव्हर वरच्या टोकाकडून आपल्याकडे सरळ ओढायचं. एअरबॅगवाल्या बऱ्याच गाड्यांत ते दोन-तीन सेंटिमीटर येतं आणि अडतं. इथे झटका देऊ नका. आत डोकावलं तर क्लिपला नायलॉनची छोटी पट्टी दिसेल. एअरबॅग फुटताना कव्हर तेवढंच उघडावं, उडून तोंडावर येऊ नये, यासाठी ती असते. लांब टोकाच्या पकडीने (नोज प्लायर) क्लिपचं डोकं दाबून किंवा पाव वळसा देऊन ती सोडवतात. पट्टी ताणली किंवा तुटली असेल तर नवीनच क्लिप घाला. पन्नास-शंभर रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

वायर पिलरवरून खाली आणताना दर 15 सेंटिमीटरवर कापडी टेपचा वेढा घ्या. ते केलं नाही तर खंबाटकी घाटात पिलरमधून टकटक सुरू होते, आणि ती शोधण्यासाठी सगळं पुन्हा उघडावं लागतं. काही गाड्यांत छतावरच्या अँटेनाची वायर एका पिलरमधूनच उतरते. शक्य असेल तर दुसरी बाजू घ्या. कॅमेरा चालू केल्यावर आकाशवाणी सांगली खरखरायला लागली, तर कॅमेऱ्याची वायर अँटेनाच्या वायरीपासून लांब करा आणि कॅमेऱ्याजवळ तिला खरखर अडवणारं फेराइटचं कडं घाला.

डॅशबोर्डच्या टोकाचं, दार उघडल्यावर दिसणारं झाकण काढलं की वायर थेट खाली येते. बऱ्याच गाड्यांत फ्यूज बॉक्स स्टिअरिंगखाली असतो, काहींत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. किटमध्ये बहुधा लाल वायर चावीसोबत चालू होणाऱ्या लाइनची, पिवळी कायम चालू असलेल्या लाइनची आणि काळी अर्थची असते. तरी किटसोबतचा कागद वाचून खात्री करा. पार्किंग रेकॉर्डिंग, म्हणजे गाडी बंद उभी असतानाचं रेकॉर्डिंग, नको असेल तर पिवळीची गरज बहुतेक किटमध्ये पडत नाही. हवं असेल तर हिशेब करा: कॅमेऱ्याने 0.3 अँपिअर घेतले तर दिवसाला सुमारे 7 अँपिअर-तास जातात, आणि लहान गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासाची. लग्नाला गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ घेणार नाही. किटवर कट-ऑफची, म्हणजे बॅटरी उतरू लागली की कॅमेरा बंद करायची, सोय असेल तर 12.2 व्होल्टला ठेवा.

फ्यूज निवडताना चार्जर सॉकेट किंवा म्युझिक सिस्टीमचा घ्या. एअरबॅग, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), इंजिन आणि पॉवर स्टिअरिंगचे फ्यूज सोडून द्या. फ्यूज टॅप मूळ फ्यूजच्याच मापाचा हवा, कारण मिनी, लो-प्रोफाइल मिनी आणि मायक्रो-2 एकमेकांच्या जागी बसत नाहीत. टॅप उलटा बसला तरी कॅमेरा चालतो, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. पण तेव्हा कॅमेऱ्याचा करंट मूळ फ्यूजमधूनही जातो. तपासायला बॅटरी जोडा, पण त्याआधी एअरबॅगचा एकही कनेक्टर सुटलेला नाही याची खात्री करून घ्या. टॅपमध्ये फक्त नवा 2 अँपिअरचा फ्यूज ठेवा, मूळ फ्यूजची जागा रिकामी. चावी चालू करून टॅपच्या वायरीवर मीटर लावा. 12 व्होल्ट आले तर टॅप बरोबर आहे, नाहीतर फिरवून बसवा. मग मूळ फ्यूज परत घाला.

काळी वायर बॉडीत घुसलेल्या, रंग नसलेल्या बोल्टखाली लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावून आवळा. प्लास्टिकला धरणाऱ्या स्क्रूखाली लावलेली अर्थ धरत नाही आणि कॅमेरा आठवड्याभरात रुसतो.

उरलेल्या वायरीचं वेटोळं पिलरमध्ये भरू नका. लांबट घडी करून डॅशच्या खाली, पेडलपासून दूर, दोन ठिकाणी बांधा. एखादी जरी वायर क्लच-ब्रेकच्या मागे लोंबली, तर आयत्या वेळी पेडल अडतं. उसाच्या शेताजवळ गाडी उभी राहत असेल तर ही घडी नालीदार प्लास्टिक नळीत घाला. तोडणी झाली की उंदीर वस्तीकडे सरकतात आणि मऊ वायर आधी कुरतडतात.

मागचा कॅमेरा असेल आणि गाडीत कर्टन एअरबॅग असेल, तर वायर छताच्या कडेने नेण्यापेक्षा दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्यांखालून न्या. मधल्या पिलरच्या तळाशी सीटबेल्टची यंत्रणा असते, तिला वळसा घाला. कार्पेटखाली एकही जोड नको. 2019 आणि 2021 च्या कृष्णेच्या पुरात ज्या गाड्यांत पाणी शिरलं, त्यांच्या कार्पेटखालचा फोम किती दिवस ओला राहतो ते सांगलीकरांना सांगायला नको. ओलाव्यात जोड हिरवा पडतो. डिकीच्या दारात वायर मूळ रबरी नळीतूनच घाला. साबणाचं पाणी लावलं की ती सहज सरकते. दार पूर्ण उघडून वायर ताणत नाही ना ते बघा आणि रबराची कड चौकटीत नीट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात डिकीत पाणी येईल.

शेवटी क्लिपा आपापल्या भोकांसमोर आणून तळहाताने दाबा आणि बीडिंग सगळीकडून बसली आहे का हे बोट फिरवून पाहा. चावी चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर स्कॅनर असलेल्या वर्कशॉपला गाडी दाखवा, तशीच चालवू नका. दारांवर पाइपने पाणी मारून आतली कड कोरडी आहे का तपासा, आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत टेपवर लिहून ठेवा: कोणत्या नंबरचा फ्यूज, किती अँपिअर, कशासाठी.