ठिबकचे जोड घरी छापण्याआधी

फेब्रुवारी संपायच्या आत ही तयारी हातावेगळी करा. एप्रिलमध्ये झाडांनी माना टाकल्यावर थ्री-डी प्रिंटरसमोर बसून मापं जुळवायला वेळ मिळत नाही. मी एक उन्हाळा त्यात घालवला आणि गच्चीवरचे दोन मोगरे गेले.

आधी वही घेऊन टाकीपासून शेवटच्या कुंडीपर्यंत एक फेरी मारा. जिथे एक नळी संपून दुसरी सुरू होते, ती प्रत्येक जागा लिहून काढा. मग त्यातलं दुकानात मिळणारं सगळं खोडा. १६ मिमीचा सरळ जॉइनर, तीन तोंडांचा टी, काटकोनी एल्बो, टोक बंद करणारी एंड कॅप ठिबकच्या कुठल्याही दुकानात थोडक्या पैशांत मिळतात आणि साच्यातून निघालेला तो तुकडा घरी छापलेल्याहून भक्कम असतो. मिळत नाही तेवढंच छापायचं. माझ्या यादीत शेवटी दोनच जागा उरल्या: टाकीच्या नळाला लागून चार फाटे देणारा तुकडा आणि कठड्याच्या तिरप्या कोपऱ्यात ६० अंशांत वळणारा जोड.

आता मापं. इथे घाई करू नका, कारण पुढची बहुतेक गळती इथूनच येते. १६ मिमी हा नळीचा बाहेरचा व्यास. जोड बसतो आत, आणि आतला व्यास भिंतीच्या जाडीप्रमाणे बदलतो. व्हर्नियरचे (बारीक मापं घेणाऱ्या पट्टीचे) टोकदार जबडे मऊ नळीत घातले की नळी ताणली जाते आणि माप मोठं येतं. म्हणून बाहेरचा व्यास घ्या, भिंतीची जाडी घ्या आणि जाडीची दुप्पट वजा करा. भिंत १.२ मिमीची असेल तर आत १३.६ मिमी. वेटोळ्यातून काढलेली नळी थोडी चपटी असते, तेव्हा तीन ठिकाणी मोजून सरासरी धरा. जुन्या नळीचं उन्हाने कडक झालेलं टोक वीतभर कापून टाका; ते ताणत नाही, चिरतं.

नळाचं माप वेगळं आहे. ‘अर्धा इंच’ म्हणजे १२.७ मिमी समजून चित्र काढलंत तर तुकडा वाया गेला. अर्ध्या इंची बीएसपी (नळाच्या आट्यांचं ब्रिटिश प्रमाण) आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिमी असतो आणि इंचाला १४ आटे बसतात. तुमच्या तुकड्यात आतले आटे असतील तर ते ०.२ ते ०.३ मिमी सैल ठेवा आणि तळाशी सपाट रबरी वायसरला जागा करा. पाणी वायसर अडवतो, आट्यांनी फक्त आवळून धरायचं असतं.

चित्र संगणकावर ओपनएससीएडीसारख्या आकड्यांवर चालणाऱ्या साधनात काढा, म्हणजे नळी बदलली की एक आकडा बदलून काम भागतं. नळीत घुसणाऱ्या खाचदार टोकाचा बुंधा आतल्या व्यासाइतका, आणि खाचांचे कंगोरे त्याहून १ ते १.५ मिमी मोठे. पुढची बाजू उतरती, मागची धारदार. अख्खा जोड छापण्याआधी नुसतं १५ मिमी लांबीचं टोक तीन मापांत छापा आणि प्रत्यक्ष नळीत दाबून बघा. हा टप्पा गाळू नका.

तुकडा प्रिंटरवर कसा ठेवायचा, तेही आधीच ठरवा. प्रिंटर थरावर थर चढवत तुकडा बनवतो, आणि थरांमधली पकड हीच छापलेल्या तुकड्याची कमजोर जागा आहे. उभं छापलेलं टोक नळीच्या आडव्या ओढीने मानेतून तुटतं. माझा पहिला वळणाचा जोड असाच गेला. सरळ जोड उभेच छापा, पण मान गोलाईने जाड करा. वळणाचा जोड असा तिरका ठेवा की दोन्ही टोकं पृष्ठभागाशी साधारण ४५ अंश करतील. ०.४ मिमीच्या नोझलने (वितळलेलं प्लॅस्टिक सोडणाऱ्या तोटीने) भिंतीचे पाच-सहा वेढे द्या, प्रिंटरचा पंखा कमी ठेवा, नोझलचं तापमान नेहमीपेक्षा ५-१० अंश जास्त ठेवा.

छापायला प्लॅस्टिक कुठलं आणायचं? पीएलए नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि सोलापुरातल्या गच्चीवर मे महिन्यात काळी नळी हातात धरवत नाही. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत टिकतं आणि घरी छापायला सोपं आहे. सतत उन्हात राहणाऱ्या तुकड्याला एएसए उत्तम, मात्र त्याचा वास उग्र असतो, खिडकी उघडी हवी. पीईटीजीचं रीळ ओलावा धरतं. छापण्याआधी ६५ अंशांवर चार-सहा तास सुकवा. रंग काळाच घ्या, आत उजेड गेला की शेवाळ धरतं.

दाबाचा हिशेब एका ओळीचा आहे: १० मीटर उंचीला सुमारे १ बार. टाकी कुंड्यांपेक्षा ३ मीटर वर असेल तर ०.३ बार, आणि एवढं हे जोड सहज पेलतात. मोटारीच्या थेट लाइनवर ते लावू नका. पिण्याच्या पाण्यालाही नको, थरांच्या खाचांत घाण साचते.

बसवण्याच्या दिवशी गरम पाण्याचा तांब्या, क्लॅम्प, टेफ्लॉन टेप आणि १२० मेशचा (इंचाला १२० छिद्रांच्या जाळीचा) फिल्टर हाताशी असू द्या. छापताना आत राहिलेले प्लॅस्टिकचे तंतू काडीने काढा, नाहीतर ते ड्रिपरमध्ये (थेंब सोडणाऱ्या तोटीत) जाऊन अडकतात. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ झालं की जोड शेवटच्या खाचेपर्यंत दाबा. एंड कॅप लावण्याआधी लाइन एकदा धुऊन काढा. संध्याकाळी सगळी टोकं बंद करून टाकी भरा आणि प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा. सकाळी ओला कागद दिसला तर आधी क्लॅम्प आवळा. तरीही ओल आली तर तो जोड फेकून दुसरा लावा. म्हणून प्रत्येक प्रकारचे दोन जादा छापा, वर माप उठावदार अक्षरांत घाला आणि टाकीजवळच्या डब्यात ठेवा.