हँडल मधोमध अडकत असल्याने तपासणीत नापास झालेली मोटरसायकल

माझी मोटरसायकल तपासणीत नापास झाली ती ब्रेक किंवा टायरमुळे नव्हे, तर हँडलच्या कोनसेटमुळे, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या संचामुळे. पुढचे चाक जमिनीपासून उचलून हँडल सावकाश फिरवले असता ते नेमके मधोमध, खाचेत बसल्यासारखे अडकत होते. आधी मी वरचा नट थोडा सैल केला. पण अडकणे गेले नाही, उलट पुढचा ब्रेक दाबून गाडी हलवताना खट्ट असा आवाज येऊ लागला. कोनसेट उघडल्यावर कारण दिसले: गाडी बहुतांश वेळ सरळच धावत असल्याने रस्त्याचे धक्के बेअरिंगच्या गोळ्या ज्यांत फिरतात त्या कड्यांवर त्याच त्या जागी बसत राहतात, आणि ग्रीस वाळले की तेथे बारीक खड्डे पडतात. हे खड्डे नट आवळून वा सैल करून जात नाहीत, म्हणून केवळ गोळ्या न बदलता वरच्या व खालच्या कड्यांसह पूर्ण संचच बदलावा, असे माझे ठाम मत आहे. नवा संच भरपूर ग्रीस लावून बसवला आणि पुढे-मागे हलणारी ढिलाई जेमतेम संपेपर्यंतच नट आवळला. फेरतपासणीत गाडी पास झाली, आणि कमी वेगात जाणवणारी डगमग, जिचा दोष मी टायरला देत होतो, तीही थांबली.