बीजिंगच्या जुन्या नकाशाचं वय कसं ओळखावं

कागद पिवळा पडलाय, घड्या विरल्यात, कोपऱ्यात साल छापलंय, म्हणजे नकाशा त्याच सालचा, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. कागद चहाच्या पाण्यानेही पिवळा होतो, आणि कोपऱ्यातलं साल पुष्कळदा मूळ नकाशाचं असतं, हातातल्या छापाचं नव्हे. वय विचारायचं ते शहराच्या तटाला.

आधी मोठा स्कॅन मिळवा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर तुलनेसाठी जुने नकाशे फुकट मिळतात.

मग दोन शहरं ओळखा. वरचं आतलं शहर, ज्याचा वायव्य कोपरा तिरका कापलेला आहे. खालचं, जास्त रुंद ते बाहेरचं. त्याचा तट १५५३ चा.

आता दरवाजे. घाई नडते ती इथेच. नियम एकच: नकाशात दिसणारी सर्वांत नवी गोष्ट शोधा; नकाशा तिच्याआधीचा असू शकत नाही. उलटा नियम मात्र चालत नाही. जुनं नाव दिसलं म्हणून नकाशा जुना ठरत नाही, कारण नकाशे एकमेकांवरून उतरवले जात आणि लोकांच्या तोंडी जुनी नावं शतकानुशतकं टिकली. छाओयांगमेन या दरवाजाचं हे नाव पंधराव्या शतकातलं, तरी विसाव्या शतकातही माणसं त्याला जुन्या नावाने छिह्वामेनच म्हणत. विक्रेते नेमकं हेच दाखवून भाव वाढवतात.

माझा भरवशाचा दरवाजा बाहेरच्या शहराच्या पश्चिम तटातला ग्वांगआनमेन. तो आधी ग्वांगनिंगमेन होता. १८२० मध्ये दाओग्वांग सम्राट गादीवर आला. त्याच्या नावात ‘निंग’ होतं आणि सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहिणं निषिद्ध, म्हणून दरवाजाचं नाव बदललं. चिनी येत नसलं तरी अडत नाही. आतल्या शहराच्या उत्तर तटातल्या दोन दरवाजांपैकी पूर्वेकडचा आनदिंगमेन; त्याचं पहिलं अक्षर भिंगातून पाहा. तेच अक्षर ग्वांगआनमेनच्या मधोमध असेल, तर नकाशा १८२० च्या आधीचा नाही. मग समोरचा ‘अठराव्या शतकातला’ म्हणून कितीही शपथा घेवो.

पुढच्या खुणा सोप्या. छ्येनमेनपाशी, म्हणजे आतल्या शहराच्या दक्षिण तटातल्या मधल्या दरवाजापाशी, आगगाडी पोचलेली दिसली तर नकाशा १९०० च्या अलीकडचा. त्याच दरवाजापुढचा अर्धगोल तट गायब असेल, तर १९१५ किंवा नंतरचा. त्याच्या पश्चिमेला होपिंगमेन हा नवा दरवाजा असेल, तर १९२६ किंवा नंतरचा. शीर्षकात बीजिंगऐवजी बेइपिंग असेल, तर बहुधा १९२८ ते १९४९ मधला.

एक सापळा वेगळा सांगतो. छ्येनलोंग सम्राटाच्या काळातला, १७५० चा प्रचंड नकाशा ५१ खंडांत, साधारण १:६५० प्रमाणात, जवळजवळ घर न् घर दाखवणारा आहे. तो हाताने काढलेला. राजवाड्यातच पडून होता आणि १९३५ मध्ये सापडला. त्याचा ‘१७५० चा मूळ छाप’ कुणी विकायला काढला तर पैसे खिशातच ठेवा. छापील प्रती विसाव्या शतकातल्या आहेत.

शेवटी नोंद करताना एकच साल ठोकून देऊ नका. अर्धगोल तट गेलेला आहे, होपिंगमेन दिसत नाही, तर ‘१९१५ किंवा नंतर, बहुधा १९२६ पूर्वी’ असं लिहा. ‘बहुधा’ फक्त दुसऱ्या सालाला लावा, पहिल्याला नाही.