व्हॉट्सॲप-फेसबुकवर जाहिरात करताय? या चुका टाळा

मृग तोंडावर आला की विदर्भात वरुड-मोर्शीपासून पांढरकवड्यापर्यंत कृषी केंद्रांचे ग्रुप निघतात. मालक उधारीची वही पोराच्या हाती देतो, पोरगा पानामागून पान नंबर चढवतो आणि संध्याकाळपर्यंत शेकडो शेतकरी न विचारता 'ॲड' झालेले असतात. पहिली चूक हीच. तो नंबर उधारीपुरता दिला होता, तणनाशकाच्या जाहिरातीसाठी नाही.

वर ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. बचत गटाच्या पापड-कुरड्यांच्या ग्रुपमधून नंबर उचलून कोणी बायकांना रात्री-बेरात्री फोन करू लागला, की त्या घरातून पुन्हा ऑर्डर येत नाही.

वहीला कुठला कायदा, असं म्हणू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कागदावरून फोनमध्ये चढवलेल्या माहितीलाही धरतो. त्यात औषध दुकानाचं उदाहरणच आहे: गिऱ्हाइकानं पावतीच्या मेसेजसाठी नंबर दिला, तर त्यावर पावती पाठवता येते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर रान मोकळं, असं समजणारे हुशार आहेतच. पण गिऱ्हाईक काही मुदत पाहून ब्लॉक करत नाही.

त्यापेक्षा बिल करतानाच विचारा, "भाऊ, नवीन माल आला की मेसेज टाकू का जी?" हो म्हटलं तर वहीत नंबरापुढे तारीख आणि कशासाठी हो म्हटलं ते लिहा. 'बियाण्यासाठी हो' म्हणणाऱ्याला ट्रॅक्टर कर्जाची जाहिरात नको.

मेसेज एकाच टिकवर अडकतो? ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पाठवायच्या यादीत, २५६ नंबर बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. म्हणून बऱ्याच लोकांकडे काही जातच नाही. यावर उपाय म्हणून लोक परत ग्रुपकडे वळतात. तसं करू नका. काउंटरवर नंबराची पाटी लावा, ज्याला हवं तो सेव्ह करेल. माझ्या मते ही मर्यादा म्हणजे फुकटात मिळालेली चाळणी आहे.

फोटोवरून भांडण झालं? संत्र्याच्या बागेत शेतकऱ्याला उभं करायचं, फोटो काढायचा आणि खाली 'आमच्या औषधाची कमाल' छापायचं, हे सर्रास चालतं. मग बाजाराच्या दिवशी तो दुकानात येतो: "मले न इचारता माहा फोटू कायले टाकला गा?" फोटो काढू दिला म्हणजे जाहिरातीला हो म्हटलं असं होत नाही. तयार जाहिरात, खालच्या ओळीसकट, आधी त्याला दाखवा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. त्यानं ते औषध फवारलंच नसेल, तर त्याच्या होकारानंही ती ओळ खरी होत नाही.

दहावी-बारावीच्या पोरांचे फोटो लावणाऱ्या क्लासवाल्यांनी आई-बापाला विचारावं. कायद्यानं १८ वर्षांखालचं मूलच. 'फक्त आजच' म्हणून आठवडाभर तीच सूट चालवणंही सोडा. नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत अशी खोटी घाई फसव्या क्लृप्त्यांमध्ये मोडते.

'बंद करा' म्हटलं तरी मेसेज जातो? बहुतेक वेळा दुकानाच्या फोनवरून नाव काढलेलं असतं, पण पोराच्या फोनवरची यादी तशीच राहते. यादी एकाच फोनवर ठेवा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं कायदा सांगतो. म्हणून प्रत्येक मेसेजखाली 'नको असल्यास "नको" लिहून पाठवा' टाका आणि उत्तर आलं की त्याच दिवशी नाव काढा. कारण विचारत बसू नका.