शाळा अचानक बंद, मूल कोणाकडे? विभक्त आईवडिलांनो, या चुका टाळा

बडोद्यात पावसाळा लागला की माझ्या अशिलांचे फोन ठरलेले. रात्री शाळा बंदची बातमी येते आणि पाठोपाठ पहिला प्रश्न: "ताई, उद्याचा दिवस कोणाचा?" प्रश्नात काही वावगं नाही. घोळ होतो तो पुढे.

फॅमिली कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर माझं डोकं सगळ्यात जास्त कशानं फिरत असेल, तर हँडओव्हर, म्हणजे मूल एका पालकाकडून दुसऱ्याकडे सोपवणं, फक्त शाळेच्या गेटवर ठेवण्यानं. दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नसतं, म्हणून संमतीच्या अटींत लिहून मोकळे होतात: "मंगळवारी शाळा सुटल्यावर वडील मुलाला नेतील." आणि शाळा भरलीच नाही तर? त्यावर अवाक्षर नाही.

ऑगस्ट 2024 आठवा. 26 तारखेला सोमवारी जन्माष्टमीची सुट्टी, 27 ला पावसामुळे शाळा बंद, आणि विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेलेली. माझ्या एका केसमध्ये आई कारेलीबागेत, वडील गोत्रीला, मधे नदी. आईनं धरलं की शाळा नाही म्हणजे हँडओव्हर नाही. वडिलांनी धरलं की शाळा नाही म्हणजे तिनं आणून सोडायचं. लाईट गेली, तिचा फोन बंद पडला आणि हा गृहस्थ मेसेजवर मेसेज टाकत बसला. पाणी ओसरल्यावर माझ्याकडे प्रिंटआउटचा गठ्ठा घेऊन हजर. "बघा, मुद्दाम उत्तर देत नाही. कंटेम्प्ट टाका." मी चष्मा लावून बघितलं, तर प्रत्येक मेसेजखाली एकच टिक. म्हणजे एकही मेसेज तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ती बिचारी मुलाला घेऊन वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, पार्किंगमध्ये पाणी, आणि याला घाई अवमानाच्या अर्जाची! मी गठ्ठा परत दिला. त्यानं दुसरा वकील गाठून अर्ज टाकलाच. त्याआधी आई आपणहून जादाचे रविवार देत होती, अटींत नसलेले. ते त्या दिवसापासून बंद झाले.

आता माझ्या प्रत्येक मसुद्यात हे असतंच: शाळा अचानक बंद राहिली तर मूल आदल्या रात्री जिथे झोपलं तिथेच राहील, रस्ते सुरू झाल्यावर हँडओव्हर होईल, आणि बुडालेला दिवस पंधरा दिवसांत भरून द्यायचा. मधल्या काळात रोज एक व्हिडिओ कॉल. (2020 च्या लॉकडाऊनमध्ये सुप्रीम कोर्टानंही प्रत्यक्ष भेटीऐवजी हाच मार्ग सुचवला होता.) शिवाय हँडओव्हरच्या पर्यायी जागा दोन, नदीच्या दोन्ही काठांवर एकेक. एका जोडप्यानं पर्यायी जागा म्हणून काय लिहून आणावं? कमाटीबागेचं गेट! अहो, विश्वामित्री त्या बागेतूनच वाहते.

"पण आमची डिक्री (कोर्टाचा अंतिम हुकूम) होऊन गेली," असं म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 26 खाली डिक्रीनंतरही मुलाच्या ताब्याचा आदेश अर्ज करून बदलून घेता येतो. दोघं राजी असाल तर माझं निम्मं काम तिथेच संपतं. नेटवरून मसुदा उतरवून आणणाऱ्यांची मात्र मला धास्तीच वाटते. त्यात कुठल्यातरी परक्या शहराचा नाताळ नीट वाटून दिलेला असतो आणि आपला पूर, उत्तरायण, नवरात्र कुठेच नसतं.

पुराचा दिवस "सुट्ट्या निम्म्या-निम्म्या" या अटीत ओढू नका. ती अट दिवाळीची आणि उन्हाळ्याची.

"बाबांना सांग, उद्या न्यायला येऊ नका" असा निरोप मुलाच्या तोंडी देऊ नका. स्वतः दोन ओळी लिहा, तारीख घालून.

मुलासाठी रजा टाकावी लागली म्हणून पोटगीतून पैसे कापायचे नाहीत, आणि पोटगी थकली म्हणून भेटही अडवायची नाही. दोन्ही हिशेब वेगळे. हे मी वर्षानुवर्षं सांगते आहे आणि वर्षानुवर्षं लोक हेच करताहेत.

आणखी एक. शाळेकडे बहुतेकदा एकाच पालकाचा नंबर असतो. बंदचा मेसेज एकाला जातो, दुसऱ्याला सकाळी गेटवर कुलूप दिसतं आणि मग "माझ्यापासून लपवलं" म्हणून आठवडाभर रामायण. क्लासच्या ग्रुपवर फिरणाऱ्या फॉरवर्डवर तर अजिबात जाऊ नका, गेल्या वर्षीचं पत्रकही बिनदिक्कत फिरत असतं. जूनमध्ये शाळा उघडली की कोर्टाच्या आदेशाची प्रत जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्या, दोघांचेही नंबर नोंदवायला सांगा, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.